दसऱ्याचा बोकड तबेल्यात

पुणे, १ सप्टेंबर २०२५

ती. आबांस,

सत्यमचा साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तरी तुम्ही व्हय व्हय म्हणता, म्हणून लिहितो.

माझ्याकडची घोडी शर्बती शेजारची घोडी विकल्यापासून एकटी पडली आहे. चारा सोडलाय. पंधरवड्यावर मोठी रेस. खाल्लं नाही तर नाव कापतील आणि तिलाही विकतील. ते मला बघवणार नाही. अशा घोडीजवळ शेळी-बोकड बांधावा, असं तबेल्यात घोडी सांभाळणारे जुने मोतद्दार सांगतात. आपला बोकड धाडाल का? दसऱ्याचा आहे, ठाऊक आहे.

आईला जेवण झाल्यावर सांगा. लोभ असावा, राग नंतर.

तुमचा सत्यम

औंढे, ४ सप्टेंबर

चि. सत्यम यास,

अनेक आशीर्वाद. जेवण झाल्यावरच सांगितलं, तरी भांडी आपटली. माझं हृदयाचं ऑपरेशन पार पडावं म्हणून तिनं हा बोकड देवीला कबूल केला होता. माझा जीव त्या बोकडावर टांगलाय, असं तिचं म्हणणं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला यातलं काही ठाऊक नाही.

दत्ताच्या भाजीच्या टेम्पोतून धाडतोय. दसऱ्याआधी परत पाहिजे. घोडीला जप आणि बोकडावर जीव लावू नकोस.

तुझा आबा

पुणे, १६ सप्टेंबर

ती. आबांस,

साष्टांग नमस्कार. शर्बती पहिली आली! मी तिला रेसला सोडून आलो, पळताना दिसली नाही. लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. फोटोत मालक, मालकीणबाई आणि लगाम धरलेला माझा हात आहे.

बोकड आल्या दिवशीच तिच्या घमेल्यात तोंड घालू लागला. त्या रागात तीही खायला लागली. आता त्याला बाहेर नेला की भिंतीकडे तोंड करून उभी राहते. काल त्याला टेम्पोत चढवला आणि परत उतरवला. आबा, माझ्याच्यानं होत नाही. पण तुमच्या जिवाशी खेळही नको. तुम्ही सांगाल तसं. आईच्या पाया पडतो, लांबूनच.

सत्यम

औंढे, ४ ऑक्टोबर

चि. सत्यम यास,

आशीर्वाद. बोकड ठेव, एवढंच तुझ्या बहिणीनं फोनवर सांगितलं. बाकीचं आता लिहितो.

दसऱ्याला आईनं देवीला कौल लावला, की नारळ चालेल का. फूल डावीकडं पडलं, म्हणजे नकार. पुन्हा लावला, पुन्हा डावीकडं. मग मी पुढं झालो आणि देवीला म्हणालो, की जीव माझा आहे तर काय ते माझ्याशी बघ, मुक्या जनावराला मधे घेऊ नकोस. तिसरं फूल पडेचना. आईनं तोच होकार धरला आणि उठली. तेव्हापासून रोज सकाळी छातीत काही होतंय का विचारते. मी न्हाई म्हणतो, मग चहा मिळतो. खरं सांगायचं तर मलाही जरा भीती वाटते. पण बोकड परत बोलवावा असं एकदाही वाटलं नाही.

भावकीला मटणाऐवजी वाटाण्याची आमटी वाढली. तुझ्या चुलत्यानं, कोंडाजीनं, सगळ्यांदेखत विचारलं, की बोकड कुटं हाय. पुण्याला कामाला लागला, राहून-खाऊन, असं मी सांगितलं. तो पोटभर जेवला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, की आमच्या पोराचं, तुषारचं, तितं काही जमंल का.

विचारून कळव. आमच्यावर माया असू दे.

तुझा आबा