मप्पासोम्बा सरांचा तास

मकासार, ७ फेब्रुवारी २००५

ती. बासोदादास सादर सलाम, वि. वि.

मास्तरांना शिकवणारं तुमचं केंद्र म्हणजे स्वयंपाक्याला जेवायला शिकवणं, असं लिहिलंस. हस खुशाल. इथे शिक्षक बोलावतो, मी त्याच्या तासाला मागे बसते आणि पाहिलेलं फक्त त्यालाच सांगते. बाहेर एक अक्षर नाही. त्या भरवशावरच माणसं वर्गाचं दार उघडतात.

परवा मप्पासोम्बा सरांनी बोलावलं. हे केंद्र त्यांनीच उभं केलं, मला इथे तेच घेऊन आले. नर्सिंगच्या मुलींना औषधाची मात्रा काढायला शिकवतात. त्यांनी मागच्या आठवड्याचाच धडा पुन्हा घेतला. त्यातच फळ्यावर दशांशचिन्ह चुकलं, मात्रा दहापट झाली. मुली माना खाली घालून उतरवून घेत होत्या. सरांना चूक दाखवायची कुणाची छाती?

आमची रीत अशी, की आधी चांगलं सांगायचं. मी आवाजाचं, अक्षराचं कौतुक केलं आणि शेवटी उजळणी जरा लांबली, एवढंच पुटपुटले. सर खुलले. बायको गेल्यापासून आपण विसरायला लागलोय अशी धास्ती होती ती तू घालवलीस म्हणाले, पुढच्या वर्षीही शिकवणार म्हणाले. मला पुढे बोलवेना.

वहिनीला सलाम. आठवण ठेव.

तुझी बेस्से


पारेपारे, १५ फेब्रुवारी

चि. बेस्सेस अ. उ. आ.

बाहेर एक अक्षर नाही म्हणतेस आणि मला दोन पानं लिहितेस. असो, भाऊ काही बाहेरचा नव्हे. पण गुपित राहिलंय कुठे? तुमच्या नर्सिंगच्या मुली इथल्या इस्पितळात शिकाऊ म्हणून कामाला आल्यात आणि जेवतात माझ्या खानावळीत. गल्ल्यावर माझे कान रिकामेच असतात. सरांचं नुसतं ऐकायचं, खरं गणित वरच्या वर्गातल्या मुलींना विचारायचं, असं एक दुसरीला सांगत होती. सगळ्या हसल्या. जुमरिया नावाची एक हसली नाही. एन्रेकांगच्या डोंगरातली पोर, वरच्या वर्गात कुणाची ओळख नाही. सर सांगतील ते तिला प्रमाण.

मी गाडीवर केळी भाजत वर आलेला माणूस, तुमच्या रीती मला कळत नाहीत. पण मासा उतरला असेल तर भात छान झालाय म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. तुझा नियम सरांनाच सांग म्हणतो ना? मग त्यांना सांग.

नीट जेवत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


पारेपारे, ९ मार्च

चि. बेस्सेस आशीर्वाद.

परीक्षा होऊ दे, मग सांगते, असं तू कळवलंस. आता थांबण्यासारखं काही उरलं नाही. सोमवारी इस्पितळात तापाच्या एका लहान मुलीला दहापट औषध गेलं. संध्याकाळी ती गेली. सुई जुमरियाने दिली होती. मुलीचा बाप बंदरावर हमाल आहे, माझा ओळखीचा. मातीला जाऊन आलो. त्याच्या तोंडाकडे बघवेना.

जुमरिया आमच्या मागच्या खोलीत आहे. तुझी वहिनी तिला भरवायला बघते, ती भाताला हात लावत नाही. सरांनी असंच शिकवलं, एवढंच म्हणते, आणि तेही चौकशीत सांगणार नाही म्हणते, सरांची अब्रू जाईल म्हणून. चौकशी पुढच्या गुरुवारी. पोरीला तुरुंग होईल अशी कुजबुज आहे.

तुला एकटीला बोल लावत नाही. मीही नुसतं पत्र लिहून बसलो. मकासारची बस काही बंद नव्हती.

दादा


मकासार, १४ मार्च

ती. दादास सलाम.

पत्र वाचलं तशी सरांकडे गेले. या वेळी कौतुक केलं नाही. धडा, फळा, ते लेकरू, सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकले. जुमरियाचं नाव विचारलं. चूक माझी, मी येऊन सांगतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर हसतमुखाने केंद्रात आले आणि एकदा माझ्या तासाला येऊन बस, म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं पुन्हा सांगितलं. आदल्या दिवसासारखेच हादरले. पोरीचं नाव पुन्हा विचारलं.

त्यांच्या बोलण्याला चौकशीत कोण वजन देणार? म्हणून मीही बोलणार. काय पाहिलं ते, आणि पाहून गप्प राहिले तेही. केंद्राच्या संचालकांनी बजावलंय, की यापुढे तुला कुणी वर्गात पाऊल टाकू देणार नाही. खरंच आहे. आजच दोघा शिक्षकांनी बोलावणी मागे घेतली.

बुधवारी सरांना घेऊन बसमध्ये बसते. गुरुवारी चौकशीच्या दारात त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. जुमरियाला माझ्याविषयी अजून काही बोलू नकोस, ते माझं मलाच सांगू दे. लोभ ठेवशीलच असं आता धरून चालत नाही, पण ठेव.

बेस्से