पूजेतली पक्कड

उस्ताद,

परवा खंडेनवमी झाली आणि तेव्हापासून तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की अकोल्यातल्या तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. तरी भांडण तुमच्याशीच आहे. रविवारची दुपार आहे, खाली राजापेठेत शिकवणीची पोरं गाड्या लावतायत आणि मी उगाच पुन्हा उठून पाणी पिऊन आलो.

मी आता अमरावतीला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो. माझी एक विद्यार्थिनी, शेंदूरजनाघाटची, इथलं शिक्षण संपवून अकोल्याच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागली. पंपाच्या मोटरी बनतात तिथे. वर्षभर हात बसवायचा, मग प्रमाणपत्र. "एक वरीस देतो तुले," असं म्हणून वडिलांनी सोडलंय. काही न शिकता परतली तर स्थळं तयार आहेत. पावसाळ्यात तिचा फोन आला. "सर, मी तं खोक्याइले पट्टी चिकटवून राहिली. मोटर दिसते ते बंद खोक्यातच." मी म्हणालो, थोडं सोस. आणि तुमची गोष्ट सांगितली. दर वर्षी सगळ्यांना सांगतो तीच.

मी पदविका घेऊन तुमच्या रिवाइंडिंगच्या दुकानात आलो आणि तुम्ही माझ्या हातात झाडू दिलात. मग जळक्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसणं आलं. नवी तार भरताना समोर बसू द्यायचात, पण शेवटच्या जोडण्यांची वेळ आली की वळायचात. पाठ माझ्याकडे, उजवा खांदा असा पुढे की मोटरचं तोंड झाकलं जावं. एकदा मी मान पुढे काढली. तुम्ही न बघताच म्हणालात, "लय घाई झाली का बे तुले?" बाकड्यावरचं गिऱ्हाईक हसलं. "इंजिनेर हाय थो, त्याले घाई राहीनच." तारेवर चढवायच्या वार्निशचा वास आला की अजूनही माझे कान आधी गरम होतात, मग बाकीचं आठवतं.

आणि मग ती खंडेनवमी. पाटावर तुमची हत्यारं मांडलेली. शिकणाऱ्याचं हत्यार त्या पाटावर जात नाही, ही तुमच्या दुकानाची रीत. मी झेंडूची फुलं घेऊन बाजूला उभा आहे. तुम्ही माझ्या खिशातली पक्कड काढून घेता, फडक्यानं पुसता, आपल्या पकडीशेजारी ठेवता आणि दोन्हींना सारखंच हळदकुंकू लावता. दसरा करून दुकान उघडलं त्या दिवशी जोडण्यांची वेळ आली आणि तुमचा खांदा बाजूला झाला. माझी गोष्ट इथं संपते. पोरं टाळ्या वाजवतात.

परवा तिच्या कारखान्यातही पूजा झाली. मशीनना हार घातले आणि तिला रांगोळी काढायला बसवलं. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "सर, तुमच्याजवळ पक्कड तरी होती. माह्या हाती हत्यारच नाही, तं पाटावर काय ठेवू? पट्टीचा रोल?" आणि हसली. मग विचारलं, "थांबू का सोडू?" विचार करून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.

कारण मी ती गोष्ट धीराची म्हणून सांगत आलो. पण तुम्ही खरंच माझा धीर बघत होतात का? की पोरगा शिकला तर समोर दुकान टाकेल, ही भीती होती? तुमच्या आधीच्या एका शिकाऊनं टाकलंच होतं, रस्त्यापलीकडे. त्या बाजूला तोंड करून तुम्ही कधी चहासुद्धा प्यायला नाहीत. हे मी वर्गात गाळतो. गाळल्यानं गोष्ट चांगली होते, खरी होते की नाही कोण जाणे. पण एक आहे, तुमच्या खांद्यामागे मोटर होती. तारेचा आवाज यायचा, फटीतून बोटं दिसायची. चोरायला काहीतरी होतं. तिला काय सोसायला सांगितलं मी? खोकी?

काल मी तिथल्या मॅनेजरांना फोन केला. फार गोड बोलले. "सर, पोट्टी हुशार हाय तुमची. पन मशीनले हात लावू देला अन् बोट गेलं, तं जबाबदारी कोनाची? तक्रार करायची असन तं करा बापा. पुढच्या वर्षी आमी तुमचे पोट्टे घेतच नाही." फोन ठेवल्यावर मला आधी पुढच्या वर्षीची मुलं आठवली, आणि मग वाटलं, त्यांनाही पट्टीच चिकटवायला पाठवायचं आहे का?

शेवटी आज सकाळी तिला म्हणालो, सोडू नकोस, उद्या मी येतो. वाइंडिंगच्या विभागात बसवा म्हणून मागू; नाही ऐकलं तर मी लेखी तक्रार करतो आणि तुझ्यासाठी दुसरी जागा शोधतो. वर्ष वाचेल याची खात्री मात्र देत नाही. ती म्हणाली, "या सर. पन बोलीन मीच. तुमी फक्त बाजूले उभे राहा."

पक्कड बॅगेत ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. कशाला नेतोय, ठाऊक नाही. हे कुठं पाठवायचं नाही म्हणून एक कबूल करतो. भीती मॅनेजरांची वाटत नाही. फाटकातून आत जाताना मागून तुम्ही म्हणाल, "लय घाई झाली का बे तुले?" आणि तिच्यासमोर माझे कान गरम होतील, त्याची वाटते.