हक्कसोडपत्राला उत्तर

निशी-कसाई, टोकियो
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय प्रसन्न,

भाऊबीजेची साडी मिळाली. रंग छान आहे, पोतही छान आहे, आणि तिच्या घडीत साताऱ्याच्या घराचं हक्कसोडपत्र घालून पाठवलंस हे तर फारच छान. जिथे जिथे माझी सही हवी तिथे पेन्सिलीनं बारीक फुल्या मारल्यास, म्हणजे ताईला शोधायचेही कष्ट नकोत. पंधरा-वीस दिवस मी मुद्दामच फोन केला नाही. मी नुसती ओरडले असते आणि तू रिसीव्हर कानापासून लांब धरून मी दमायची वाट बघितली असतीस. लिहिलेलं तुला वाचावं तरी लागेल.

इथलं बरं चाललंय. रणजित सकाळी सातला बँकेच्या प्रोजेक्टवर जातो. ऋषीला मराठीत काहीही विचारलं तरी तो उत्तर जपानीत देतो. आणि माझा बुधवारचा विद्यापीठातला वर्ग चालू आहे, ज्याला तू हसला होतास. जपानात जाऊन ग्रीकांच्या कोर्टातली भाषणं वाचणारी तूच एक, म्हणाला होतास. त्या भाषणांनी मला तुझं पत्र नीट वाचायला शिकवलं, म्हणून सांगते. दोन हजार चारशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये वारसाहक्काचा दावा लागला की ज्याचा त्यानं स्वतः उभं राहून बोलायचं असे. मग लोक हुशार माणसाकडून भाषण लिहून घेत आणि पाठ करून म्हणत. आमच्या म्हाताऱ्या सेन्सेईंनी, म्हणजे सरांनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की मी साधा माणूस, मला कोर्टकचेरीतलं काही कळत नाही, असं बोलणारा म्हणू लागला की सावध व्हायचं.

तुझं पत्र नेमकं तिथूनच सुरू होतं. तुला यातलं काही कळत नाही, वकील म्हणाले म्हणून पाठवतोयस. पुढे अथेन्सचा वारसदार हमखास सांगायचा, की मेलेल्याला मूठमाती मी दिली, विधी मी केले, म्हणून घर माझं. तूही लिहितोस, बाबांना अग्नी मी दिला, वर्षश्राद्धही मीच करणार. दिलास, कोण नाही म्हणतंय? पण शेवटचे सात महिने बाबांची अंथरुणं कुणी बदलली? तू पुण्याहून महिन्यातून एकदा फळं घेऊन जायचास आणि मी इथून फोन करायचे. अथेन्समध्ये आरोपी आपली लहान पोरं कोर्टात आणून रडवायचे, ऐकणाऱ्यांना पाझर फुटावा म्हणून. ते वाचताना मी वर्गात हसले होते. मग तुझ्या पत्राच्या तळाशी ओजस्वीच्या वेड्यावाकड्या अक्षरात, चारूआत्या लवकर सही कर ना, हे वाचलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. सात वर्षांच्या मुलीकडून हे लिहवून घेतलंस? तिला सही म्हणजे काय ते तरी कळतं का?

आणि चार पानी कागदात, तीन पानी पत्रात सुप्रभाआत्याचं नाव एकदाही नाही. फक्त एक ओळ आहे, घरातल्या वृद्ध व्यक्तीची आश्रमात व्यवस्थित सोय केली जाईल. तिथल्या कोर्टात घरंदाज बाईचं नाव घेत नसत, अमक्याची मुलगी, तमक्याची बहीण एवढंच म्हणत. ते तिच्या अब्रूसाठी, असं ते तरी म्हणायचे. तू कशासाठी गाळलंस? तुझ्या दहावीचे डबे भरणारी, आईचं आणि मग बाबांचंही शेवटचं दुखणं काढणारी, पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवून स्वतःचा खर्च स्वतः भागवणारी बाई एकदम वृद्ध व्यक्ती झाली, कारण बिल्डरला घर रिकामं हवं आहे. एकाहत्तराव्या वर्षी तिला घराबाहेर काढायचं आणि त्यासाठी माझी सही.

माझा निम्मा राग तुझ्यावर आहे. उरलेला माझा मला येतोय, आणि तोच जास्त छळतोय. हिस्सा मागितला की नाती तुटतात, तू सही कर, तुझं माहेर कायम राहील, हे तुझ्या पत्रातलं वाक्य तुझं नाही, प्रसन्न. ते माझं आहे. पंच्याऐंशी साली आजोबा गेले तेव्हा निम्मं घर आत्याचं होतं. ती सोलापूरला संसारात होती. बाबांचं अक्षर कुणाला लागायचं नाही, म्हणून तिला हक्क सोडायला सांगणारं पत्र लिहायला त्यांनी मला बसवलं. सोळा वर्षांची होते, निबंधाची बक्षिसं मिळवायचे, आपण केवढं महत्त्वाचं लिहितोय याचा मला गर्व होता. त्या पत्राची नक्कल बाबांच्या ट्रंकेत तुला सापडली असणार. तू फक्त सुप्रभाच्या जागी ताई घातलंस. आत्यानं सही करून कागद उलट टपाली पाठवला आणि सोबत लिहिलं, चारूचं अक्षर किती सुंदर झालंय. दोन वर्षांनी ती विधवा होऊन त्याच घरात परत आली, जिथे आता तिचं काहीच नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून तिनं मला त्या पत्राबद्दल एका शब्दानं बोल लावला नाही. मीही कधी विषय काढला नाही. भ्याले होते.

शुक्रवारी मी आपल्या वकिलातीत जाऊन सही केली. तुझ्या कागदावर नाही. माझी वर्गमैत्रीण विद्या साताऱ्यात वकिली करते, तिला मी मुखत्यारपत्र दिलंय. बाबांमागे माझ्या वाट्याला आलेलं अर्धं घर ती आत्याच्या नावे बक्षीसपत्रानं करून देणार आहे. काल आत्याला फोनवर सांगितलं. मग हळूच विचारलंन, प्रसन्न रागावेल का गं? तिला काळजी कसली पडलीय बघ. घर विकायचंच असेल तर आता तुला तिची सही लागेल. तिला पत्र लिहू नकोस, साडी पाठवू नकोस, ओजस्वीला पुढे करू नकोस. साताऱ्याला जा, तिच्यासमोर बस आणि तिच्या तोंडाकडे बघून तिचं घर माग.

रागावलेली, तरी तुझीच,
चारुताताई