खिडकीबाहेरच्या तुळशीला फेरी

बाबा, तुमची करवत अजून चालते. दात बोथट झालेत, पण तिनेच फणसाची फळी कापली आणि खिडकीबाहेर टांगायला एक पेटी केली. कशाला, ते सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्याला अंगण होतं.

समुद्राने आधी कुंपणाचे माड नेले, मग तुम्ही बांधलेलं वृंदावन. भिंतीला भेग गेली तेव्हा आईला वेंगुर्ल्यात आणलं, दुसऱ्या मजल्यावर. तिचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे. तुळशीला पाणी घालून फेरी मारल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. इथे गॅलरी नाही, घरात कुंडीत लावलेली तुळस उन्हावाचून काळी पडली. तुळस नाही म्हणून चहा नाही, चहा नाही म्हणून गोळ्या नाहीत. पाण्याचा गडू मांडीवर धरून दुपारपर्यंत बसायची. अशाने ती किती दिवस काढणार होती?

म्हणून पेटी. हातोडी उचलली आणि तुम्ही आठवलात. बारावी नापास होऊन मी घरी बसलोय, तुम्ही मला होडीच्या कामावर नेलंय, आणि सगळ्यांसमोर विचारताय, "खिळो मारतंस काय डास?" सगळे हसतात. मग तुम्ही माझी मूठ दांड्याच्या टोकाकडे सरकवता. या वेळी मूठ तिथेच धरली. खाऱ्या वाऱ्याला लोखंड टिकत नाही म्हणून टांगायचे स्क्रू पितळेचे घेतले, नाहीतर तुम्ही वरून शिव्या घातल्या असत्या. पाणी जायला तळाला भोकं पाडली. माती आपल्या परसातली, उरली होती तेवढी. तीत तुळशीचं रोप लावलं. पेटी अशी सरळ बसली की माझीच छाती फुगली.

सकाळी आईला खिडकीशी आणलं. तिने गजांतून हात घालून पानं चाचपली, वास घेतला. मग म्हणाली, "तुळस बरी आसा रे. पण फेरी खंय घालू? भायर वाऱ्यार चलू?"

बाबा, मी सगळं मोजलं होतं, एवढंच सुचलं नव्हतं. देवळात गर्दी असली की जागच्या जागी फिरतेस ना, तशी फीर म्हटलं. ती म्हणाली, ती फेरी आपल्याभोवती झाली, तुळशीभोवती नाही. पुढे बरेच दिवस गडू मांडीवरच होता.

मग एका सकाळी तिने गडू मागितलाच नाही. चहा पुढे केला, प्यायली. गोळी घेतली. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. सुधारणा कसली, कपाळ! ती विसरलेली नाही, तिने सोडून दिलंय. मला हेच हवं होतं, आणि आता ती कप तोंडाला लावते तेव्हा माझ्याने तिच्याकडे बघवत नाही.

पाणी मी घालतो, ती उठायच्या आधी. घातल्यावर जागच्या जागी एकदा फिरतो, कशावर विश्वास नसताना. काल वळलो तर ती जागी होती. बघत होती. मग भिंतीकडे कुशीवर वळली.

हे पाठवायचं कुठे, प्रश्नच नाही. पेटी काढून टाकावी असं रोज वाटतं. पण तुम्हाला म्हणून सांगतो, ती एवढी सरळ बसली आहे की तुम्ही एकदा बघावी, म्हणून काढत नाही.