लेथवरचं दूध

सोमवार, ८ जानेवारी १९३४

उजव्या हातावर आणखी फोड! मनगटापासून कोपरापर्यंत — लाल, बारीक, मधोमध काळा ठिपका. जुने बसले तिथे पांढुरके डाग. दमयंतीला अजून दाखवलेले नाहीत. बायको आहे, आज ना उद्या पाहीलच.

बाह्या खाली सोडून कामाला उभा राहिलो तर आप्पा ओरडले — “केरू, बाह्या वर घे! लेथ हाय तो, कापड नि हात येगळा नाय वळखत!” खरं आहे. त्यांचा कारखाना, त्यांचा लेथ, त्यांनी ओरडावंच. वर घेतल्या. मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून काम.

बुधवार, १० जानेवारी

जयगडच्या लाँचचा दांडा आला आहे. पाण्याखालच्या पंख्याचा. चांगलंच कडक पोलाद. लोखंड कातायला अख्ख्या बंदरावर लेथ एकच, तेव्हा सगळी मंडळी आमच्याच डोक्यावर बसतात.

दुधाचा वास आता सहन होत नाही. आप्पा मुंबईहून काळ्या तेलाचे डबे आणतात. पाण्यात कालवलं की पांढरं होतं, म्हणून आम्ही त्याला दूध म्हणतो. वर टांगलेल्या डब्यातून ते हत्यारावर गळत राहतं. नाहीतर हत्यार तापून जळतं. खाली परातीत साठलं की तेच गाळून पुन्हा डब्यात. आणि तळचं कधी फेकायचं नाही! दह्याचं विरजण ठेवावं तसं ठेवायचं, त्यातच नवं ओतायचं. जुनं मुरलेलं असलं की काम गुळगुळीत उतरतं, असं आप्पांचं मत. चार वर्षं मुरतंय. वासामुळे गिऱ्हाइकं दारातूनच बोलतात. मी मात्र कोपरापर्यंत त्यातच.

रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. सखू तिळगूळ घेऊन धावत आली. चार वर्षांची पोर, मुठीत वडी चिकटलेली. “बाबा, तिळगूळ घ्या.” हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हटलं, “पाटावर ठेव.” ती बघतच राहिली.

दमयंती चुलीपाशी होती. तिने ते पाहिलं.

सोमवार, १५ जानेवारी

बायकोच्या शिवणातली सुई घेतली. बोटाला टोचली. काही नाही. दुसऱ्या बोटाला — काही नाही. पाचही बोटं टोचून झाली!

महारोग्याला टोचलेलं कळत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मंगळवार, १६ जानेवारी

पडवीत झोपतो. घोरतो म्हणून, असं सांगितलं. ताट वेगळं घेतलं. दमयंती म्हणाली, “सोवळा पाळताव की काय आता?”

गुरुवार, १८ जानेवारी

धोंडू डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्याआधी लेथवर तोच होता. मी त्याच्या हाताखाली. आटे कसे पाडायचे, हत्याराला पाणी कसं द्यायचं, सगळं त्याने शिकवलं. हात धरून शिकवलं! दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातावर असेच फोड उठले. असेच डाग. महारोग म्हणून त्याला काढला. बातमी त्याच्याआधी त्याच्या गावात, जयगडला पोचली. घरात घेतला नाही. गावाच्या वर उघड्या कातळाच्या सड्यावर खोपटात राहतो म्हणतात. आई सकाळ-संध्याकाळ दगडावर जेवण ठेवून मागे फिरते.

आता माझी पाळी. कोण ठेवील दगडावर? दमयंती? की सखू?

शुक्रवार, १९ जानेवारी

लिहूनच टाकतो. आप्पांना धोंडूचं मी सांगितलं होतं. “हात बघा त्याचे,” एवढंच. भीती वाटली होती, हे खरं. पण लेथ हवा होता, हेही खरं. तिसऱ्या दिवशी मी लेथवर होतो.

केलं तसं भरतोय. कोणाकडे रडू?

रविवार, २१ जानेवारी

दमयंतीने आज सोक्षमोक्ष लावला. दारात उभी, कडेवर सखू. “काय झालाय ता सांगा. मुंबयची कोण आठवताय, की आमचा कंटाळा इलाय? नायतर मी जातंय आयेकडे.” मुंबईची! मुंबई सोडून पाच वर्षं झाली. मी कपाळावर हात मारला. बाह्या दुमडल्या आणि दाखवले हात.

वाटलं, किंचाळेल. तिने सखूला खाली ठेवलं, पुढे येऊन माझा हात धरला, उजेडाकडे वळवून नीट पाहिला. म्हणाली, “ह्यासाठी पडवीत झोपलाव? उद्या डाक्तराकडं चला.” मी हात ओढला. सोडला नाही तिने.

मग मी रडलो. सखूसमोर.

सोमवार, २२ जानेवारी

गेलो नाही. तिथे नाव लिहून घेतात.

बुधवार, २४ जानेवारी

बायकोने ओढून नेलं. डॉक्टर वयस्क, चष्म्यावरून बघणारे. नावाआधी धंदा विचारला! लेथ म्हटल्यावर नुसतं “हं.” सुईचं सांगितलं तर हसले. “अरे, रोज कातलेल्या लोखंडाचा गरम चुरा चिमटीत धरणारा तू. बोटांना घट्टे पडलेत, तिथे सुईच काय, खिळाही कळायचा नाही. डोळे मीट.” डागावर टोचलं, मी बोंबललो. दुसऱ्या डागावर — पुन्हा बोंबललो. दमयंती तोंडाला पदर लावून हसत होती. हसत होती की रडत, कोण जाणे.

तेलाचे फोड आहेत! चुऱ्याने कातडी ओरखडते, वरून ते कुजकं तेल भोकाभोकांत बसतं. “ते पाणी कधी बदलता?” विरजणाचं सांगितलं. डॉक्टर ओरडले — “आधी ते ओतून टाका!” “लेथपासून लांब राहिलास तर आपोआप जातील,” म्हणाले.

रात्री पडवीतून आत. सखू गळ्याला मिठी मारून झोपली.

गुरुवार, २५ जानेवारी

आनंद एक दिवस पुरला. आपोआप जातील, म्हणाले डॉक्टर. मग धोंडूचे?

शनिवार, २७ जानेवारी

सगळं दूध माडाच्या मुळाशी ओतलं. आप्पा बोंब मारत आले — “मुरलेला व्हता रे ता!” मी हात पुढे केले, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आप्पा स्टुलावर बसले. आपणहून म्हणाले, “धोंडूचाव ताच असंल काय रे?” मी म्हटलं, असेल. “मग जा, त्याला घेऊन ये. लेथ त्याचा.” लेथ त्याचाच. मी कुठे नाही म्हणतोय?

काय सांगणार त्याला? दोन वर्षं सड्यावर काढलेल्या माणसाला — माफ कर, ते तेल होतं? वाक्य जुळवतोय, मोडतोय. दांडा लाँचवर चढला आहे, त्याच लाँचने सोमवारी निघतो. दमयंती म्हणाली, “वाक्य कसला जुळवताव! आधी त्याचा हात धरा.”

सोमवार, २९ जानेवारी. जयगड

धोंडूचे हात स्वच्छ आहेत. एक डाग नाही. मी धरले, दोन्ही धरले. लेथ सुटल्यावर चार महिन्यांत बरे झाले, पण गावात कोणी जवळ येऊन बघत नाही, म्हणाला.

“मग येऊन दाखवलेस का नाय?”

“इलो व्हतो की. परारच्या दिवाळीच्या आधी. बाह्या दुमडूनच इलो व्हतो. लेथवर तू व्हतास. मला बगितलास, नि आतनं दार लावलास.”

लावलं होतं.