सुकलू वाघाडे यांच्या मृत्यूची दवंडी

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, सावली, जि. चंद्रपूर

विषय: महायुद्धात जहाजासह बुडालेले सुकलू वाघाडे वारल्याची दवंडी गावात देण्याबाबत.
संदर्भ: तलाठी साहेबांचे तोंडी उत्तर, "बाई, असा अर्ज नसते."

महोदय,

१. सुकलू हे माझे आजेसासरे दादाजी यांचे वडील. घर मासेमाराचे, पण ते बल्लारपूरला कोळशाच्या खाणीत होते. दुसऱ्या महायुद्धात जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायला माणसे पाहिजेत, अशी दवंडी झाली आणि ते गेले. दादाजी तेव्हा पाळण्यात होते. ते मालवाहू जहाज पाणबुडीने बुडवले. वाचलेल्या सोबत्याने घरी येऊन तसे सांगितले, पण पुरातली वैनगंगा पोहणारा माणूस बुडेल कसा, म्हणून कोणी मानले नाही.

२. आमच्या घरची रीत अशी की, घरचा माणूस पाण्यावर गेला असेल तर तो येईपर्यंत लेकरू पाण्यात उतरवत नाहीत. सुकलू अजून आलेले नाहीत. त्यामुळे आमच्यात कोणालाच पोहता येत नाही. माझे पती प्रफुल कमरेला ट्यूब बांधून मासे धरतात. गाव त्यांना 'ट्यूबवाले भाऊ' म्हणते. ते हसतात, मला हसू येत नाही.

३. आमचे घर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच आहे. मुलगी रिंकू चार वर्षांची असून तिला पाण्याची फार ओढ आहे. मी तिच्या पायात घुंगरू बांधले आहेत. आवाज थांबला की भाजी करपू देऊन धावते. तिला पोहणे शिकवणे हाच उपाय आहे, पण दादाजी रीत मोडू देत नाहीत.

४. पाणबुडीपुढे पोहणे चालत नाही, हे मी दादाजींना मोबाईलवर दाखवले. ते म्हणाले, "तुह्या मोबाईलनं नेलं होतं काय त्याले? सरकारनं दवंडी देऊन नेलं, तं सरकारनंच दवंडी देऊन सांगावं."

५. तरी पाऊस लागून तलाव भरण्यापूर्वी कोतवालभाऊंना पाठवावे. मजकूर एवढाच पुरे: "सुकलू वाघाडे भट्टीपाशी कामावर असताना जहाज बुडाले. ते पोहण्यात कमी पडले नाहीत. ते आता पाण्यावर नाहीत." दवंडीच्या ढोलाच्या आवाजात घुंगरू ऐकू येणार नाहीत, म्हणून मी रिंकूला कडेवर घेऊन उभी राहीन.

६. सरकारने सांगितले तर रिंकूला आपण स्वतः पाण्यात नेऊ, असे दादाजींनी कबूल केले आहे. ते आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेले नाहीत. प्रफुलने आणखी एक ट्यूब आणून ठेवली आहे.

ढोलाकडे कान लावून बसलेली,
सौ. दामिनी प्रफुल वाघाडे, बी.ए.
मौजा पारडबोडी, ता. सावली
दि. २१ एप्रिल २०२५