आईची तबकडी आणि कोलनवॉटर

बाबा,

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसासाठी मावशी येतेय, तिला आणायला सिदी गाबर स्टेशनवर जातेय. कोलनवॉटर मी कुलपात ठेवलंय, शोधू नका. पाहुण्यांचे हात, चष्मा, तुम्ही सगळ्याला तेच लावता! विनाइलच्या तबकड्यांना त्यातलं स्पिरिट चालतं. पण आईच्या गाण्याची तबकडी लाखेची आहे, लाख त्यात विरघळते. तिच्यासाठी वाटीत साबणाचं पाणी ठेवलंय. मऊ फडक्यानं पुसा, लेबल भिजवू नका.

ती पुसून पलंगाखाली काय लपवता? लहान आहात का? मला सापडली, मी ऐकलीसुद्धा. कोलनवॉटरनं कडेची सुरुवातीची वाद्यं तेवढी गेलीत. आईचा आवाज शाबूत आहे. गाणं संपल्यावर अजूनही तुम्हाला विचारते, "शौकी, जमलं का रे मला?"

आम्ही येईपर्यंत तिला उत्तर देऊन ठेवा.

सुहैर